मुलांपेक्षा लहान आई

४ जून २०२३ रोजी अभिनेत्री सुलोचना लाटकर, म्हणजे सुलोचनाबाई, गेल्या. त्यानंतर दोन दिवस जिकडेतिकडे तेच तीन-चार शब्द वाचायला मिळत होते. सोज्वळ, सात्त्विक, वात्सल्यमूर्ती, पडद्यावरची आई. लिहिणाऱ्यांनी मनापासूनच लिहिलं असणार, पण त्या सगळ्या मायेच्या पुरात एक साधी वजाबाकी खटकत राहिली. सुलोचनाबाईंचा जन्म ३० जुलै १९२८ चा. १९७० साली आलेल्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये त्यांना दोन मुलं आहेत. धाकटा देव आनंद, जन्म २६ सप्टेंबर १९२३. थोरला प्राण, जन्म १२ फेब्रुवारी १९२०. म्हणजे धाकटा मुलगा आईपेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी मोठा आणि थोरला आठ वर्षांनी. थिएटरात बसलेल्या एकालाही हे खुपलं नसावं. चित्रपट तुफान चालला, शेवटी ताटातूट झालेली भावंडं भेटली, आईच्या डोळ्यांत पाणी आलं, प्रेक्षकांच्याही आलं. खोटं इतकं उघडं असताना ते पचलं कसं, याचं उत्तर ‘वात्सल्य’ या शब्दात सापडत नाही. कितीही वात्सल्य असलं तरी त्यानं वय बदलत नाही. वय बदलायला काम करावं लागतं, आणि ते काम नेमकं काय असतं हे श्रद्धांजलीत कुणी सांगत नाही.

हा प्रकार त्यांच्या एकटीच्या बाबतीत झाला असंही नाही. निरुपा रॉय यांचा जन्म १९३१ चा आणि ‘मुनीमजी’ १९५५ चा. चोविसाव्या वर्षी त्या देव आनंदची आई झाल्या आणि त्याबद्दल त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. राखी अमिताभ बच्चनपेक्षा जवळपास पाच वर्षांनी लहान. १९८२ या एकाच वर्षात ती ‘बेमिसाल’मध्ये त्याची नायिका आहे आणि ‘शक्ती’मध्ये त्याची आई. ‘मदर इंडिया’तल्या (१९५७) आई-मुलाच्या, म्हणजे नर्गिस आणि सुनील दत्त यांच्या, जन्मतारखांत तर जेमतेम पाच दिवसांचं अंतर आहे, दोघांचाही जून १९२९ चा जन्म, आणि चित्रपट आल्यावर पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. पण नर्गिस त्या चित्रपटाची नायिका होती, पोस्टरवर तीच होती. आपण बोलतोय ते पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात, बारक्या अक्षरांत नाव असणाऱ्या बायकांबद्दल.

याला ‘नायिका तिशीत म्हातारी ठरते’ हे एक उत्तर ठरलेलं आहे, आणि ते खरंही आहे. पण अर्धंच. दुसरं अर्धं पटकथेत आहे. त्या काळच्या हिंदी चित्रपटाची पहिली दोन-तीन रिळं आठवा. घर, नवरा, एक-दोन लहान मुलं, मग वार किंवा वादळ किंवा जत्रेतली चुकामूक. मुलगा पळत सुटतो, पळता पळता त्याचे पाय मोठे होतात आणि कॅमेरा वर गेला की तिथे नायक असतो. या एका कटमध्ये मुलाचं पात्र करणारा नट बदलतो, पण आईचं पात्र करणारी बदलत नाही. ती त्या कटच्या अलीकडे पंचविशीची असते आणि पलीकडे पन्नाशीची. आता निर्मात्याच्या बाजूने बघा. बत्तीस वर्षांच्या बाईला पन्नाशीची करता येते, पंचावन्नच्या बाईला पंचविशीची करता येत नाही. म्हातारपण रंगवता येतं, तारुण्य रंगवायला गेलं की जवळच्या शॉटमध्ये फसतं. म्हणून आईच्या कामासाठी म्हातारी बाई गैरसोयीची आणि नुकतीच नायिकेच्या यादीतून सुटलेली बाई सोयीची. लीला चिटणीस यांचं ‘आवारा’तलं काम या सोयीचा उत्तम नमुना आहे. पूर्वार्धात घराबाहेर काढली गेलेली तरुण पत्नी, उत्तरार्धात खंगलेली आई. दहा वर्षांपूर्वी बॉम्बे टॉकीजमध्ये अशोक कुमारची नायिका असणारी बाई, म्हणून पूर्वार्ध शोभला. राज कपूरपेक्षा त्या पंधरा वर्षांनी मोठ्या होत्या. या यादीत इतकं अंतर म्हणजे चैनच म्हणायची.

सुलोचनाबाईंची गोष्ट जरा निराळी आहे. हिंदीत मोठी नायिका म्हणून नाव झालं आणि मग त्या आईपर्यंत घसरल्या असं झालंच नाही. निपाणीजवळच्या खडकलाटची मुलगी, कोल्हापुरात आली, मास्टर विनायकांच्या कंपनीत किरकोळ कामं करून भालजी पेंढारकरांकडे गेली. भालजींच्या जयप्रभा स्टुडिओत तेव्हा नट महिन्याच्या पगारावर असत. ही पगाराची पद्धत आज कुणाला बंधनाची वाटेल, पण तिचा एक मोठा फायदा होता. ज्या दिवशी तुमचं काम नाही त्या दिवशीही तुम्ही स्टुडिओतच असायचात. दुसऱ्याचं काम बघायचं, संवाद पाठ करून म्हणून दाखवायचे, उच्चार घासून घ्यायचे, हातात पडेल ते करायचं. भालजींच्या चित्रपटांतल्या माणसांच्या बोलण्यात जो ठसठशीतपणा आहे तो या रोजच्या घासण्यातून आलेला आहे. सुलोचनाबाईंचा प्रत्येक शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकू येतो, रडतानासुद्धा, याचं मूळ मला तिथे दिसतं. १९४८ साली जयप्रभाला आग लावली गेली, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत. स्टुडिओ पुन्हा उभा राहिला, पण पगारी कंपन्यांचा काळ सगळीकडेच आटत चालला होता. पुढच्या दहा वर्षांत बहुतेक नट करारावर, म्हणजे चित्रपटागणिक काम करू लागले आणि कोल्हापूर-पुण्याची माणसं मुंबईच्या गाडीत बसू लागली.

‘वहिनीच्या बांगड्या’ १९५३ चा. सुलोचनाबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या. वय नायिकेचं, पण पात्र बघा. दिराला पोटच्या मुलासारखं वाढवणारी वहिनी. म्हणजे मराठी प्रेक्षकाने त्यांना पंचविशीतच अर्धी आई करून टाकलं होतं, आणि तरीही तो चित्रपट त्यांचाच होता. इथे मराठी आणि हिंदीतला फरक सुरू होतो. ‘मोलकरीण’ १९६३ चा, मुलाच्या घरी मोलकरीण होऊन राहणारी आई. ‘मराठा तितुका मेळवावा’ १९६४ चा, जिजाबाई. ‘एकटी’ १९६८ चा, आणि तिथे तर शीर्षकच त्यांचं आहे. त्यात त्यांचा मुलगा झालेले काशीनाथ घाणेकर पुढे खऱ्या आयुष्यात त्यांचे जावई झाले, हे आता सर्वांना माहीतच आहे. मुद्दा असा की मराठीत आई झाल्यावरसुद्धा गोष्ट तिच्यामागून चालते. ती निर्णय घेते, ती चुकते, शेवटच्या रिळात कॅमेरा तिच्यावर असतो. त्याच वर्षांत, त्याच चेहऱ्याने, दादरहून अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओत गेलं की ती गोष्टीतली चार प्रसंगांची मालकीण उरते.

चार प्रसंग. फार तर सहा.

हिंदीतली आई म्हणजे नायकाच्या वागण्याचं कारण. ‘मजबूर’ (१९७४) घ्या. नायकाला मेंदूत गाठ आहे. आपण तसेही मरणारच, तर न केलेल्या खुनाचा आरोप अंगावर घ्यावा आणि बक्षिसाची रक्कम घरच्यांना मिळावी, असा त्याचा हिशेब. हा हिशेब पटायचा तर प्रेक्षकाला आधी ते घर बघायला मिळालं पाहिजे. चाकांच्या खुर्चीतली बहीण, भाऊ, आणि सुलोचनाबाई. त्यांच्याकडे वेळ किती, तर काही मिनिटं. तेवढ्यात हे घर वाचवण्यासारखं आहे हे पटलं नाही, तर पुढचा दीड तास अमिताभ कशासाठी धडपडतोय ते कळणार नाही. सहकलाकाराच्या कामाचं माप हे असं असतं. स्वतःच्या प्रसंगात ती किती दिसली यापेक्षा ती नसलेल्या प्रसंगांत तिचं वजन किती राहिलं, यावर ते ठरतं. नायकाने खिशातून फोटो काढला किंवा नुसतं ‘माँ’ म्हटलं, की प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा यायला हवा. निर्माते या कामासाठी पुन्हा पुन्हा त्याच सात-आठ बायकांकडे जात, त्याचं कारणही हेच. नवीन चेहऱ्याला ओळख करून द्यायला एक प्रसंग खर्ची पडतो. सुलोचना आत आल्या की ओळख झालेलीच असे, मागच्या चित्रपटांतून ती आयती चालत येई. नटीच्या दृष्टीने हाच सापळा. चेहऱ्याला जी आयती ओळख आहे तिच्या विरुद्ध जाणारं काम मग कुणी देत नाही.

एकदा मात्र मिळालं, आणि तेही हिंदीतल्या सुरुवातीच्या काळात. १९५९ मधले त्यांचे दोन हिंदी चित्रपट बघा. ‘दिल देके देखो’त त्या शम्मी कपूरची आई आहेत, जो त्यांच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान. तो उडत्या चालीचा मामला, आईने तिथे फार काही करायचं नव्हतं. दुसरा बिमल रॉय यांचा ‘सुजाता’. कॉलऱ्याने आईबाप गेलेली एक अस्पृश्य मजुरांची तान्ही मुलगी इंजिनिअरच्या बंगल्यात येते. सुलोचनाबाई त्या इंजिनिअरची बायको, चारू. दुष्ट नाही, धर्मवेडीही नाही, साधी बाई. मुलीला ती वाढवते, तिच्यावर तिचा जीवही आहे, पण पाहुण्यांपुढे ओळख करून देताना ‘हमारी बेटी जैसी है’ म्हणते. ललिता पवार त्याच चित्रपटात जात-पात मानणाऱ्या बुआजी (आत्याबाई) आहेत आणि नेहमीप्रमाणे झकास आहेत, पण त्यांच्या पात्राची दिशा एकच आहे. चारूला एकाच चेहऱ्यावर दोन गोष्टी धरून ठेवायच्या आहेत. मुलीकडे बघताना डोळे मऊ होतात आणि कुणीतरी बघतंय हे लक्षात येताच खांदे किंचित आखडतात. संवादात यातलं काही नाही. चारू जिन्यावरून पडते, रक्त द्यावं लागतं, जुळतं ते सुजाताचंच, हा प्रसंग लोकांना आठवतो. मला त्याआधीचे बारके प्रसंग जास्त मोठे वाटतात, ज्यात ती माया करता करता हात आखडता घेते. पडद्यावरची वात्सल्यमूर्ती म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांचं हिंदीतलं सर्वांत चांगलं काम, माझ्या मते, वात्सल्यात कमी पडणाऱ्या बाईचं आहे.

आता ते वय वाढवण्याचं काम. कृष्णधवल फिल्मवर हे तुलनेने सोपं होतं. कानशिलाच्या केसांना ब्रशने पांढरं ओढायचं, भांगाजवळ थोडं, बाकी केस तसेच. सगळं डोकं पांढरं केलं की नाटकातली आजी होते. चेहऱ्यावर सुरकुत्या काढायच्या तर नटीला कपाळ आक्रसायला, डोळे बारीक करायला सांगायचं, चामडीला नैसर्गिक घड्या पडतात तिथेच तपकिरी पेन्सिल फिरवायची, रेघेच्या कडेला एक फिकट छटा द्यायची आणि बोटाने दोन्ही मिसळायचं. रेघ भलत्या ठिकाणी काढली तर चेहरा स्थिर असेपर्यंत खपतं, बोलायला लागला की रेघ एकीकडे आणि घडी दुसरीकडे. कृष्णधवलमध्ये काढलेली रेघ सावलीसारखी दिसते. रंगीत फिल्म आली आणि तीच रेघ पेन्सिलची रेघ म्हणून दिसायला लागली, केसांवरचा पांढरा रंग निळसर मारू लागला. त्यात स्टुडिओतले मोठे दिवे. तासाभरात घाम फुटतो, पॅनकेक, म्हणजे मेकअपचा थर, कपाळावर तडकतो, कानशिलावरचं पांढरं ओघळतं. म्हणून रंगीत काळात बहुतेक आयांनी चेहऱ्यावरचं रंगकाम कमी केलं आणि म्हातारपण अंगात घेतलं. सुलोचनाबाईंच्या सत्तरच्या दशकातल्या चित्रपटांत बघा, चेहऱ्यावर सुरकुती जवळजवळ नाहीच. बसल्या जागेवरून उठताना हाताचा आधार घेणं, वळताना आधी मान मग खांदे मग पाय, वाक्याच्या मध्यावर एक श्वास, आणि चाल किंचित रुंद. वय दाखवणारं हे इतकंच. प्राणसारखा पन्नाशीचा मुलगा समोर असताना हे काम आणखी अवघड होतं, कारण त्याच्या शरीरात खरंच पन्नास वर्षं आहेत आणि तिला त्याच्यावर वीसेक वर्षांची आघाडी दाखवायची आहे.

पांढरी साडी हा वेगळाच ताप. शुभ्र पांढरं दिव्याखाली इतकं चमकतं की चेहरा मागे पडतो, म्हणून ती आधी चहाच्या पाण्यातून काढायची, जरा मळकट करायची. डोक्यावरचा पदर पुढे आला तर वरच्या दिव्याची सावली डोळ्यांवर पडते आणि आईचे डोळेच गेले तर उरतं काय. तेव्हा पदर भांगाच्या मागे, पण घसरणार नाही असा, आतून पिनेने धरलेला. काचेच्या बांगड्यांचा आवाज थेट ध्वनिमुद्रणात संवादावर बसतो, मग त्या दोऱ्याने एकत्र बांधायच्या किंवा एक-दोनच ठेवायच्या. आणि सगळ्यात मोठी गोंधळाची जागा म्हणजे कुंकू. चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही. ज्या सेटची आणि ज्या नटांची तारीख मिळेल ते आधी. सकाळी नवरा मेल्यानंतरचा प्रसंग, दुपारी त्याच घरात नवऱ्याला डबा देतानाचा. कुंकू, मंगळसूत्र, जोडवी, केसांतलं पांढरं, साडीचा रंग, एवढं सगळं उलटं करायचं. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, बघणारा सहायक वहीत लिहून ठेवतो आणि फोटो काढतो, पण शेवटी चुकीचं कुंकू पडद्यावर नटीच्याच कपाळावर दिसणार. म्हणून अनुभवी बायका मेकअपला बसण्याआधी पहिला प्रश्न एकच विचारत. आज नवरा आहे का?

त्यातही एका वेळी एकाच चित्रपटात काम असेल तर ठीक. कॅरेक्टर आर्टिस्टचं, म्हणजे नायक-नायिका सोडून इतर पात्रं करणाऱ्याचं, पोट एका चित्रपटावर भरत नाही. अडीचशेच्या आसपास हिंदी चित्रपट सुलोचनाबाईंच्या नावावर सांगतात, त्याशिवाय मराठी. एवढे आकडे होतात ते एकाच काळात आठ-दहा चित्रपट चालू ठेवून, सकाळची शिफ्ट एका ठिकाणी आणि दुपारची दुसऱ्या ठिकाणी करून. एकीकडे विधवा, दुसरीकडे जमीनदारीण. आणि तारखांचा खेळ नायकाभोवती फिरतो. नायकाची, नायिकेची, सेटची आणि आईची तारीख एकत्र जुळली तर प्रसंग होणार. यातली सर्वांत स्वस्त तारीख आईची. म्हणजे तिनेच वाकायचं, आणि वाकताना दुसऱ्या निर्मात्याला दुखवायचं नाही. तारीख बिघडवणारी म्हणून एकदा नाव झालं की पुढचे चित्रपट दुसऱ्या आईकडे जातात. वर्षानुवर्षं टिकलेल्या सहकलाकारांच्या गुणांत वेळेवर हजर असणं हा गुण अभिनयाच्या बरोबरीने धरावा लागेल, आणि त्याला अजून कुठला पुरस्कार निघालेला नाही.

नायकाची तारीख मिळाली तरी नायक मिळतोच असं नाही. आई-मुलाचा प्रसंग साधारण असा घेतात. आधी मास्टर, म्हणजे दोघं एकत्र, पूर्ण प्रसंग. मग एकाच्या खांद्यावरून दुसरा, ज्याला सेटवर सजेशन म्हणतात. मग एकेकट्याचे क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळचे शॉट. नायकाचे क्लोज आधी घेतले जातात, कारण त्याला पुढच्या शिफ्टला जायचं असतं. तेव्हा आई कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहून त्याला क्यू देते, म्हणजे आपले संवाद म्हणते, तेही पूर्ण भावनेनं, कारण तिच्या आवाजातच जीव नसेल तर त्याच्या डोळ्यांत पाणी कुठून येणार. मग तो निघून जातो. आता तिचा क्लोज. समोर मुलगा नाही. एक सहायक हातात कागद धरून सपाट आवाजात मुलाचे संवाद वाचतोय आणि लेन्सच्या बाजूला, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक खूण आहे. अमिताभची आई असाल तर ती खूण बरीच वर. त्या खुणेकडे बघून ‘बेटा’ म्हणायचं. फोकससाठी लेन्सपासून नाकापर्यंत टेप लावून अंतर मोजलेलं असतं, भावनेच्या भरात अर्धा फूट पुढे झुकलात की चित्र धूसर आणि टेक वाया. डोळ्यांत ग्लिसरीन घातलं असेल तर आणखी एक गडबड. ग्लिसरीनचा थेंब दाट असतो, सावकाश उतरतो आणि लवकर सुकत नाही. मास्टरमध्ये पाणी डाव्या गालावर अर्ध्यापर्यंत आलेलं असेल तर क्लोजमध्येही ते तिथेच असायला हवं, आणि दोन-तीन टेकनंतर डोळे असे लाल होतात की पुढचा शांत प्रसंग त्या दिवशी घेता येत नाही. स्वतःच्या अश्रूंनी रडणाऱ्या नटीचं कौतुक होतं, पण तिचीही पंचाईत असते. खरं रडू आलं की नाक वाहतं, आवाज घोगरा होतो, शब्द कळत नाहीत.

संकलकाला या क्लोजमधून काय लागतं? बोलणं लागतंच, पण त्याहून जास्त ऐकणं लागतं. नायकाच्या लांबलचक संवादात मध्ये कुठेतरी कापून आईचा चेहरा टाकायचा असतो, कधी परिणामासाठी, कधी नायकाच्या दोन वेगळ्या टेकमधला सांधा लपवायला. त्यासाठी ऐकतानाचा चेहरा सलग, पापणी भलत्या वेळी न लवता, आणि संवाद संपल्यावरही ‘कट’ ऐकू येईपर्यंत टिकलेला हवा. नवखे नट आपलं वाक्य संपलं की चेहरा सोडून देतात, आणि तो शॉट कापण्यालायक उरत नाही. सुलोचनाबाईंचे प्रसंग आवाज बंद करून बघितले तर हे स्पष्ट दिसतं. त्या समोरच्याचं वाक्य संपण्याची वाट बघत नाहीत, वाक्याच्या मध्यावर त्यांना कळलेलं असतं. ‘कटी पतंग’मध्ये त्या आशा पारेखची सासू आहेत, मुलगा गमावलेली, सुनेला आणि नातवाला जवळ करणारी. तिथे त्यांचं जवळपास सगळं काम हे असं ऐकण्याचंच आहे.

सत्तरच्या दशकात आणखी एक भर पडली. चित्रीकरण स्टुडिओबाहेर गेलं, हलके पण घरघरणारे कॅमेरे आले आणि सेटवरचा आवाज निरुपयोगी झाला. सगळे संवाद नंतर डब करायचे. तेव्हा डबिंग लूपवर व्हायचं. एका वाक्याएवढी फिल्म टोकाला टोक जोडून प्रक्षेपकावर फिरत राहणार, तेच ओठ पुन्हा पुन्हा हलणार, आणि काळोख्या खोलीत उभं राहून त्यावर आवाज बसवायचा. बोलणं बसवणं जमतं. हुंदका बसवणं फार अवघड, कारण हुंदका ओठांवर दिसत नाही, तो छातीत आणि गळ्यात दिसतो. चार महिन्यांपूर्वी दिलेला श्वास आज त्याच जागी घ्यायचा, डोळ्यांत पाणी नसताना, माइकपासून ठरलेल्या अंतरावर. जयप्रभातलं उच्चारांचं घासणं इथे पुन्हा कामाला येतं. आणि या बाईची मूळ बोली सीमाभागातली, पुढे कोल्हापूरची, आणि पडद्यावर ती लखनवी घराण्यातली किंवा पंजाबी आई. एकाही चित्रपटात ते कानाला टोचत नाही.

नावाच्या बाबतीत मात्र एक घोळ कायमचा आहे. श्रेयनामावलीत नुसतं ‘सुलोचना’ असतं. मूकपटांच्या काळातली मोठी तारका रूबी मायर्स हिचंही पडद्यावरचं नाव सुलोचना, आणि तिनेही उतारवयात हिंदीत छोटी कामं केली. त्यामुळे इंटरनेटवरच्या याद्यांत या दोघींचे चित्रपट एकमेकींच्या खात्यात पडलेले दिसतात. लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण तिसऱ्या. त्यांचं नाव तर गाण्यासाठी, तरी फोटो चुकतो. नायकाच्या बाबतीत असा घोळ आठवडाभरसुद्धा टिकला नसता. पद्मश्री (१९९९) झाली, महाराष्ट्र भूषण झालं, पण कुठल्या चित्रपटात कोण होतं याची नीट यादी अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही.

पहिल्या रिळातल्या तरुण आईचं जे कारण वर दिलं ते सगळीकडे लागू होतं असा दावा नाही. ‘मैंने प्यार किया’ (१९८९) मध्ये रीमा लागू सलमान खानची आई झाल्या तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. सुलोचनाबाई १९५९ मध्ये होत्या तेवढ्याच. तिथे मुलगा पळता पळता मोठा होत नाही, आईला तरुणपणीचा एकही प्रसंग नाही, म्हणजे पटकथेची सबब नाही. उलट रीमाबाईंनी केस पांढरे केले नाहीत, सुरकुत्या काढल्या नाहीत, पांढरी साडीही नेसल्या नाहीत. मुलाची मैत्रीण वाटावी अशी आई, हीच त्या चित्रपटाची मागणी होती, आणि मग मराठी रंगभूमीवर तयार झालेल्या या नटीला पुढची कितीतरी वर्षं तेच काम मिळत राहिलं. तिचंही सर्वांत चांगलं हिंदी काम, सुलोचनाबाईंसारखंच, माया आखडून घेणाऱ्या आईचं आहे. १९९९ चा ‘वास्तव’. मुलगा संजय दत्त, तिच्याहून तेरा महिन्यांनी लहान. चाळीतलं घर, पावभाजीची गाडी, मुलाने आणलेले पैसे, आणि त्या पैशांकडे बघून आत आत जाणारी ती बाई. शेवटी तीच त्याच्यावर गोळी झाडते. हिंदी चित्रपटातल्या आईला इतकं मोठं काही करायला मिळालं आणि तेव्हा कॅमेरा तिच्यावर होता.